उजवी पाकळी

अजून चुलीला जाळ लागला नाही, तोवर घरचा धनी परसात पाट्यावर बेलफळ फोडत बसतो, आणि बायकोनं विचारलं तर म्हणतो, पोटात मुरडा आलाय! रात्री चार भाकरी आणि वर वाटीभर कोरड्यास हाणलेला माणूस. मुरडा आलेला माणूस पहाटेपासून चारदा तरी तांब्या घेऊन पळतो. आमचे मालक एकदाही हलले नव्हते. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. तेही त्यांना जमायचं नाही.

"मुरडा कुठल्या अंगाला आलाय?" मी विचारलं.

"ह्या हितं," म्हणून त्यांनी बरगडीवर हात ठेवला.

"तितं काळीज असतंय. मुरडा खाली असतोय."

"मंग खाली असंल."

"आन मुरड्याला गर खात्यात. तुम्ही गर सारलाय बाजूला आन डिंक कशापायी गोळा करताय?"

बेलफळाच्या बियांभोवती मधासारखा डिंक असतो. बोटाला लागला की दिवसभर सुटत नाही. मालक तो काडीनं अलगद काढून वाटीत जमवत होते. माझं बोलणं ऐकलं आणि काडी तशीच हातात राहिली. मी गुरवाची सून होते, काही वाण्याची नव्हते. बेलाचा डिंक कशाला लागतो ते मला लग्नानंतर वर्षाच्या आत कळलं होतं. माझ्या सासऱ्यांनी मरताना ह्यांना सांगितलं होतं की ही वाटी आपल्या घरात कधी भरायची नाही.

आमच्या वडजळच्या टेकाईला मूर्ती नाही. माणसाच्या कमरेइतका काळा दगड, त्याला दोन खांदे असल्यासारखे. गावात कुणाला काही विचारायचं असलं की देवीला कौल लावतात. गुरवानं दगडाला पाणी घालायचं, पांढऱ्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दोन खांद्यांना चिकटवायच्या, मोठ्यानं प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. पाणी सुकलं की पाकळी सुटते. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यावर वडजळमध्ये लग्नं ठरली, वाटण्या झाल्या, विहिरी खणल्या. आणि पाकळीला नुसत्या पाण्याऐवजी बेलाचा डिंक लावला, तर ती देवीच्या बापाला पडायची नाही.

"कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"आबांनी बोलीवलं व्हतं," ते पाट्याकडं बघतच बोलले. "भट्टीवर. च्या पाजला. म्हणलं, भैरू, मंगळवारी डावी पडाय पायजे."

"आन तुम्ही काय म्हणलासा?"

त्यांनी काडी पुन्हा डिंकात घातली.

"व्हय म्हणलासा."

"तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?"

आता ह्या माणसाचं मी काय करावं, तुम्हीच सांगा. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात देवानं घातलाच नव्हता. शेळी विकायला बाजारात गेले, गिऱ्हाईक म्हणालं लई महाग हाय, तर तिचं करडू वर फुकट देऊन आले. सनई चांगली वाजवायचे. एका मुहूर्ताला दोन लग्नांची सुपारी घेतली, दोघांनाही होय म्हणाले, आणि इकडच्या अंतरपाटाला सूर धरून तिकडच्या अक्षतांना शेतातून पळत गेले. पागोटं काट्यात राहिलं. गाव हसलं. मीही हसले होते. पण हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

आबा म्हणजे आमच्या सोसायटीचे चेअरमन. ओढ्याकाठी त्यांची वीटभट्टी होती आणि त्या भट्टीला मातीची भूक लागली होती. टेकाईच्या टेकाखाली देवीच्या नावची जमीन आहे, तिला कुंभारखाण म्हणतात. आजा-पणजापासून वडजळचे कुंभार तिथली माती नेत आणि त्याबद्दल दर सणाला देवीला नवी घागर देत. आबांनी तिथं माणसं घातली. रात्रीतून नाही, दिवसाढवळ्या. कुंभारांची तीन घरं आपली चाकं माळ्यावर टाकून त्यांच्याच भट्टीवर विटा वाहायला गेली. राहिलं एक घर, धोंडी कुंभाराचं. तो माती काढत होता आणि आबांची माणसं खालून दरड पोखरत होती. दरड त्याच्या अंगावर आली. फौजदार आला, दरड कोसळली असं लिहून गेला. आबा म्हणाले, नशीब एकेकाचं.

त्याची बायको अनसा. त्या वेळी वय ते काय, तेवीस-चोवीस. पदरात एक पोर. चार दिवस तिनं अन्नाचा कण तोंडात घातला नाही. पोरीला पाजायला अंगात दूध राहिलं नाही. पाचव्या दिवशी देवळात आली आणि ह्यांना म्हणाली, देवीला इच्यारा, ती माझा न्याय करणार हाय का न्हाई. न्हाई म्हणली तर मी बी त्याच खाणीत उडी टाकती.

कौल लावला. उजवी पाकळी पडली. अशी पडली की पाणी सुकायची वाट बघितली नाही. अनसा उठली, घरी गेली, आणि तिनं भाकरी खाल्ली. मी स्वतः वाढली होती.

त्याला तीन वर्षं झाली होती. ती एकटी बाई चाक फिरवत होती. कुंभाराच्या बायका चाकाला हात लावत नाहीत, तिनं लावला. खाणीतली माती चोरासारखी डोक्यावरून आणत होती. कुणी म्हणालं, अनसा, कशाला हाल करून घेतीस, भट्टीवर जा, तर म्हणायची, देवीनं शबूद दिलाय. आणि आता आबांनीच पंचांपुढं टूम काढली होती: जमीन देवीची आहे ना, मग देवीलाच विचारू. खाण कुंभारांची असली तर उजवी, भट्टीची असली तर डावी. पंचांनी ठराव केला की कौल होईपर्यंत खाणीत कुणी कुदळ मारायची नाही. आणि ही खुळी उड्या मारत तयार झाली.

म्हणून तर मी ह्यांच्या पुढ्यातून वाटी उचलली.

"त्या बाईनं तीन वर्सं देवीच्या शब्दावर काढली. आन तुम्ही देवीच्या शब्दाला डिंक लावताय?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील तर बरं होईल. पण ते म्हणाले, "गौरा, त्यो बी खोटाच व्हता."

"कुठला?"

"अनसाचा. उजवी. ती मरती म्हणली. मग मी आंगठा काढताना पाकळी सोडवून घेतली. जरा वर ओढली. कुणाला दिसलं न्हाई."

मी तिथंच पाट्याच्या कडेला बसले. त्या कौलाचा मला अनसापेक्षा जास्त तोरा होता. पाणवठ्यावर मी सांगायचे, आमच्या घरच्या हातानं पडली उजवी. आणि मग मला आपल्या थोरल्याचा ताप आठवला. त्याही वेळी मी कौल लावायला लावला होता. उजवी पडली होती आणि मी रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत तेवढ्या एका पाकळीच्या भरवशावर बसून राहिले होते.

"माझ्या पोराचा?" मी विचारलं.

"त्यो न्हाई. त्यो तिनंच दिला."

"खरं?"

"टेकाईची आण."

आता ज्यानं तिचा कौल खोटा दिला त्यानं तिची आण घेतली तर ती धरायची की सोडायची? मी धरली. अजून धरूनच आहे. पण त्या सकाळी मात्र माझ्या मनात आलं, मग देवी तिथं आहे तरी का, की नुसता ह्यांचा आंगठाच आहे? वाटी मी त्यांच्यापुढं परत ठेवली. फेकली नाही. फेकली असती तर दुसरं फळ फोडलं असतं, आणि म्हणाले असते की बायकोनं फेकली म्हणून मी वाचलो. त्यांच्या वाटणीचं पाप-पुण्य मी का करू?

गर तेवढा आत आणला. अन्न आहे, टाकवत नाही. गूळ घालून सरबत केलं.

दिवेलागणीला अनसा आली. कडेवर पोर नाही, घागर. कोरी, लालबुंद, अजून आव्याचा, भाजल्या मातीचा वास येत होता.

"वैनी, उद्या देवीला ह्या घागरीनं आंघुळ घालाय सांगा भाऊस्नी. शेवटच्या मातीची हाय. आता नवी माती उद्याच्याला काढायची."

"बस. सरबत घे."

तिनं पेला तोंडाला लावला, डोळे मिटले. "लई ग्वाड झालंय. कशाचं?"

"बेलाचं," मी म्हटलं, आणि माझ्याच जिभेला चटका बसला.

"वैनी, मी आज खड्डा भरून माती भिजत घातली. रांजणाची. घरात हुती नव्हती तेवढी."

"आगं, कौल उद्या हाय. आजच कशाला भिजवलीस?"

"भिजाय दिस लागत्यात न्हवं? जत्रंला रांजाण पायजेत."

"आन डावी पडली तर?"

"न्हाई पडायची."

"पडली तर, म्हणती मी! गावातली चार शानी माणसं काय म्हणत्यात ते ऐकत जा जरा. देवीला काय एकटी तूच हाईस? तिला आबा बी हाईत. आबांनी तिला चांदीचा टोप घातलाय. तू घागर घेऊन आलीस."

मला बोलायचं होतं एक आणि तोंडातून येत होतं दुसरं. तिला राग यावा, तिनं भांडावं, म्हणजे मला खरं सांगता येईल. पण ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी आजारी आहे आणि ती विचारपूस करायला आली आहे.

"वैनी, तुमास्नी काय झालंय? डोळं सुजल्यात."

"धूर लागला."

"व्हय, वल्लं जळाण." तिनं पदरानं माझा चेहरा पुसला. चिखलानं फुटलेले हात, घासल्यासारखे लागले. माझ्या आईनंतर माझा चेहरा कुणी पुसला नव्हता. "मला बगा, तीन वर्सांत आज झोप लागली. दुपारच्याला. पोरगी उठवत व्हती तरी उठली न्हाई. आता माझं काम सपलं. उद्याचं काम तिचं."

मी सांगायला तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. पण ती पेला विसळायला उठली आणि मला वाटलं, एक रात्र झोपू दे हिला.

ती गेल्यावर मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. ते वाती वळत होते, उगाच, शंभर एक झाल्या असतील.

"मी तुमास्नी न्हाई म्हणा म्हणत न्हाई," मी म्हटलं. "ते तुमच्याच्यानं हुयाचं न्हाई. फकस्त एक करा. उद्या पाकळी लावताना खाली बघू नका. अनसाकडं बघून लावा."

"तेवढं नगं सांगूस, गौरा."

"तेवढंच सांगती."

मंगळवारी देऊळ भरलं. चैत्राचं ऊन, सकाळी नऊलाच पायऱ्यांचा दगड तापलेला. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. पंचांत मोठे रामजी नाना, ऐंशीच्या घरातले, कानाला हात लावून ऐकणारे. आबा खांबाला टेकून बसले होते, पांढरी टोपी, बोटात अंगठी, चेहऱ्यावर असं काही की घरच्याच कार्याला आलेत. अनसा गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी. पदर डोक्यावरून, पोर मांडीवर.

मी फुलांचं ताट नेऊन दिलं. ताटात एका पानाखाली वाटी होती. ती मी ठेवली नव्हती.

ह्यांनी अनसाच्या घागरीनं दगडाला पाणी घातलं. पाणी खांद्यांवरून असं ओघळलं, जणू नुकती न्हालेली बाई. ह्यांनी कण्हेरीच्या दोन पाकळ्या निवडल्या. डावी लावली. उजवी हातात घेतली, पानाखाली बोट गेलं. आणि मग मी सांगितलेलं त्यांना आठवलं असावं. त्यांनी मान वळवून अनसाकडं बघितलं.

तिचे डोळे मिटलेले होते. ती हात जोडून काही मागत नव्हती. मागणाऱ्याचा चेहरा मला कळतो, जन्म गेला ते चेहरे बघण्यात. ती नुसती बसली होती. पाहुणे येणार म्हणून सगळं आवरून दारात बसतात ना, तशी.

हे तसेच उभे. पाकळी बोटात.

"भैरू, लाव की," आबा म्हणाले. "उनं वर आली."

"न्हाई," आमचे मालक म्हणाले.

मला वाटलं, दुसरं कुणीतरी बोललं.

"काय न्हाई?"

"लावनार न्हाई." आवाज इतका बारीक होता की रामजी नाना म्हणाले, काय म्हणतोय रं त्यो? तेव्हा ह्यांनी पानाखालची वाटी उचलून उंबऱ्यावर ठेवली. वाटी दगडावर वाजली. "नाना, ह्यो बेलाचा डिंक हाय. ह्यो लावला की पाकळी पडत न्हाई. मी उजवीला लावनार व्हतो. मंजी डावी पडली असती."

उंबऱ्यावरची वाटी बघायला बायकांनी माना उंचावल्या.

आबा खांबापासून सरळ झाले. "कुणी शिकवलं तुला ह्ये? नाव घे. सगळ्यांच्या म्होरं नाव घे."

माणसाला दरडावलं की तो गप्प बसतो हे आबांचं गणित. पण आमचे मालक भाबडे. विचारलं की उत्तर द्यायचं एवढंच त्यांना ठाऊक.

"आता काय, आबा," ते अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्हीच न्हाई का? रईवारी, भट्टीवर. च्या बी पाजलासा की."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं आणि तोंडात पदर कोंबला. आबांचं तोंड विटेसारखं झालं. पण ह्यांचं अजून संपलं नव्हतं. ते खाली उतरले, अनसापुढं गुडघ्यावर बसले. पागोटं काढून बाजूला ठेवलं.

"अनसा, आन मी तुला बी फसवलंय. तीन वर्सामागं उजवी पडली ती देवीनं पाडली न्हाई. मी आंगठ्यानं काढली. तुझं हाल बघवलं न्हाईत. देवीनं तुला कसला शबूद दिलेला न्हाई, पोरी. माझाच त्यो. आन माझ्या शब्दाला काय किंमत?"

ते लहान पोरासारखे रडायला लागले. मागून कुणी ओरडलं, लबाड गुरव! कुणी म्हणालं, बारा वर्सं खातोय देवीचं. सगळं देऊळ वळून माझ्याकडं बघत होतं. मी हनुवटी खाली केली नाही.

अनसानं डोळे उघडले. मांडीवरची पोर सारखी केली.

"मला ठावं व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

"काय ठावं व्हतं?"

"तुमचा आंगठा. मी बघितला त्या दिशी. कुंभाराच्या बाईला आंगठा कळायचा न्हाई व्हय? आमचा सारा जलम आंगठ्यावर हाय. कुठं दाबला, कुठं सोडला, वर वढला का खाली, मला न बघता बी कळतंय."

"आन तरी तू..."

"तरी काय? मी घरला जाऊन इच्यार केला. चार दिस सारं गाव येऊन माझ्यापुढं रडून गेलं. नशीब म्हणलं, पदर पसर म्हणलं, भट्टीवर जा म्हणलं. आन एक माणूस, ज्याला मुंगीचं बी भ्या वाटतंय, त्यानं देवीच्या अंगावर खोटं केलं, कशापायी, तर मी भाकरी खावी म्हणून. दगडाला हात कुठं हाईत, भाऊ? तिला कुणाचा तरी आंगठा घ्यावाच लागतोय. तिनं तुमचा घेतला. एकदा घेतला मंजी परत घील, येवढं मला ठावं व्हतं. आबांनी कौलाची गोष्ट काढली तवा मी व्हय का म्हणली? कौल लावनार कोण, तर तुम्ही. मग मला कसलं भ्या?"

तीन वर्षं मी ह्या बाईला खुळी म्हणत होते. ती पाकळीच्या भरवशावर बसलीच नव्हती. मी मात्र रात्रभर बसले होते.

रामजी नाना काठीवर जोर देऊन उठले. कानाला कमी ऐकू यायचं, पण हवं तेवढं बरोबर ऐकू यायचं. "ठराव काय झालाय?" त्यांनी विचारलं. "कौल हुईस्तवर खाणीत कुदळ मारायची न्हाई. कौल झाला का? न्हाई झाला."

"दुसरा गुरव आणू," आबा म्हणाले.

"आना की. पर आता ह्या दगडाला पाकळी लावाय कोण धजंल, ते बघून आना. अनसाची माती चाकापुरती. ती काय कुदळीनं काढत न्हाई, खुरप्यानं काढती. खुरप्याचा ठराव झालेला न्हाई."

आबा पायताण न घालता निघाले. मग आठवण झाली, परत आले, घातलं आणि गेले. तेवढं बघायला मिळालं ते मी अजून जपून ठेवलंय.

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे मला पुन्हा त्या वाटेला जायला नको. दुसरा गुरव आला होता, ह्यांचाच चुलत भाऊ, पलीकडच्या गावचा. त्यानं पाकळी हातात घेतली, समोर बसलेली सगळी बायामाणसं त्याच्या आंगठ्याकडं बघताहेत हे त्याला दिसलं, आणि त्याला उलटी झाली. मग कुणी आलं नाही. खाणीचा कौल झाला नाही तो आजतागायत नाही. आबांची भट्टी ओढ्याकाठची दुसरी माती खाऊन दोन-चार वर्षं जगली, मग थंड पडली. जत्रेत अनसाचे रांजण विकले गेले. तिची पोरगी त्याच रांजणांच्या पैशावर शिकली. सगळं असं गोड झालं असं नाही. धोंडी काही परत आला नाही, आणि आबांना कुणी कोर्टात ओढलं नाही. पण माती कुंभाराची राहिली, आणि वडजळमध्ये चाक फिरायचं थांबलं नाही.

आम्हाला मात्र त्याच दिवशी भरावं लागलं. पंचांनी दुपारी बसून ठरवलं की ज्यानं खोटा कौल दिला, तो दयेनं दिला असला तरी त्याच्या हातून पूजा नको. निदान साल-दोन साल. रामजी नानांनीच सांगितलं. गाभाऱ्याची चावी सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरात होती. ती ह्यांनी करगोट्याची गाठ सोडून नानांच्या हातावर ठेवली.

घरी आले ते मागच्या दारी पायरीवर बसले. पाणी दिलं, घेतलं नाही. सनई खुंटीवर होती, तिकडं बघितलं नाही. हात पुन्हा पुन्हा कमरेकडं जायचा, चावी चाचपायला, आणि रिकामा परत यायचा. मी चुलीपुढं बसून तो हात बघत होते. बारा वर्षं मी ह्या माणसाला काय काय म्हटलं होतं. पोरांपुढं म्हटलं, पाणवठ्यावर म्हटलं. एकदा त्यांच्या आईच्या पुढं म्हटलं होतं की तुम्ही मला नवरा दिला का मेणाचा दिवा, बघणाऱ्यानं हात धरला की वितळतोय. ते सगळं मला त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसलेलं दिसत होतं.

थाळा वाढला. भाकरी, कांदा, ठेचा. त्यांच्यापुढं नेऊन ठेवला आणि उभी राहिले.

"तू काय बोलंनास," ते म्हणाले. मान खाली. "शिव्या घालायच्या तर घाल, गौरा, पर बोल. सारं गाव बोललं. आता पूजा न्हाई, बलुतं न्हाई, चावी न्हाई. लोक इच्यारतील तर काय सांगायचं? मी कोण हाय म्हणून सांगायचं?"

मी खाली बसले. त्यांच्या त्या रिकाम्या हातावर माझा हात ठेवला. दिवसाउजेडी, मागचं दार उघडं, शेजारीण धुणं वाळत घालत होती. घालू दे म्हटलं.

"सांगा की चावी गेली ती गावच्या गुरवाची गेली," मी म्हटलं. "देवीचा गुरव मी आज पैल्यांदा बघितला. आन त्यो माझ्याच दारात बसलाय. उठा, हात धुवा. भाकरी निवतीया."